अनंत स्क्रोल आणि पळणारा फूटर: कोकणातल्या होमस्टे, आंबा-काजू विक्रेते आणि स्थानिक पोर्टलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वेबसाइट करून देताना हे प्रश्न फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कधी पडवीत चहा घेताना विचारले जातात. उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. अनंत स्क्रोल म्हणजे खाली सरकत गेलं की पुढचा माल आपोआप येत राहणारं पान, आणि फूटर म्हणजे पानाच्या तळाशी संपर्क, नियम वगैरे असलेला पट्टा. घाईत असाल तर एवढंच वाचा: तुमची यादी मोजता येण्यासारखी असेल तर स्क्रोलला शेवट ठेवा, आणि फोन नंबर फक्त फूटरमध्ये ठेवू नका.

साइटच्या तळाशी गेलं की फूटर दिसतो आणि बोट लागायच्या आत खाली पळतो. साइट बिघडली आहे का?

नाही, तिला सांगितलंय तसंच ती वागते आहे. यादीच्या शेवटी एक न दिसणारी खूण ठेवलेली असते. वाचणारा त्या खुणेच्या जवळ पोहोचला की ब्राउझर स्क्रिप्टला (पानातल्या छोट्या प्रोग्रामला) कळवतो, स्क्रिप्ट सर्व्हरकडून पुढचे दहा-बारा फोटो मागवते आणि ते खुणेच्या वर बसवते. खूण खाली ढकलली जाते आणि तिच्याखालचा फूटरही. पूर्वी यासाठी स्क्रोलची प्रत्येक हालचाल मोजत बसावं लागायचं. २०१६ मध्ये क्रोममध्ये इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (खूण पडद्याजवळ आली की कळवणारी सोय) आला आणि हेच काम थोड्या ओळींत होऊ लागलं.

गंमत अशी की हा त्रास साइट बनवणाऱ्याला बहुतेकदा दिसत नाही. त्याच्याकडे फायबरचं वेगवान इंटरनेट असतं. खूण जवळ येण्याआधीच पुढचा माल येऊन बसतो आणि फूटर कधी डोळ्यांसमोर येतच नाही. देवबागच्या किनाऱ्यावर किंवा आंबोली घाटात मोबाइल डेटावर साइट उघडणाऱ्याला मात्र फूटर दोन-तीन सेकंद दिसतो. तो ‘संपर्क’वर बोट टेकवायला जातो, तेवढ्यात माल येतो आणि बोट पडतं भलत्याच फोटोवर. मग तो मागे येतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा तेच.

डोळ्यांसमोरून मजकूर असा सरकणं गूगल मोजतं. त्याला लेआउट शिफ्ट म्हणतात, आणि चांगल्या पानाचा आकडा ०.१ किंवा त्याहून कमी असायला हवा. बटण दाबल्यानंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत झालेली सरकासरक त्यात धरत नाहीत, कारण ती माणसाने स्वतः मागवलेली असते. स्क्रोल करण्याला ही सवलत नाही. म्हणजे तोच माल बटण दाबून लगेच आला तर माफ, आपोआप येऊन फूटर ढकलला तर खात्यावर जमा.

हा प्रकार आला कुठून?

अझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये तो तयार केला. शोधाच्या निकालांची पानं उलटत बसायला लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे समाजमाध्यमांनी तो उचलला आणि त्याचं काय झालं ते आपण सगळे रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाहतो. आपल्या या शोधाबद्दल रास्किन यांनी नंतर जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे.

पण फेसबुक, इन्स्टाग्राम तर असंच चालतं. ग्राहकांना सवय आहे. मग आपण का नको?

कारण त्यांचा धंदा वेगळा आहे. माणूस तिथे जितका वेळ रेंगाळेल तितक्या जाहिराती दिसतात. त्यांच्यासाठी शेवट म्हणजे तोटा. तुमच्या पाहुण्याने मात्र चार खोल्या पाहून, एक पसंत करून, फोन करायचा आहे. त्याचं काम जितकं लवकर ‘संपतं’ तितकं तुमचं भलं.

आणि नीट बघाल तर या मंडळींनी फूटर सोडलेला नाही, फक्त हलवला आहे. संगणकावर फेसबुक उघडा: गोपनीयता, अटी वगैरे दुवे उजव्या बाजूला बारीक अक्षरांत सापडतील. यूट्यूबवर तेच दुवे डावीकडच्या मेन्यूच्या तळाशी आहेत. फीड (एकाखाली एक येणाऱ्या नोंदींची यादी) अनंत ठेवायची तर फूटर तिच्या वाटेतून काढावा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडच्या तयार थीम (साइटचे आयते साचे) पहिली गोष्ट उचलतात आणि दुसरी विसरतात. सगळा घोळ इथेच आहे.

खरेदीच्या साइटचा अनुभव तर उलटाच. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सीने २०१२ च्या सुमारास शोधाच्या निकालांत अनंत स्क्रोल लावून पाहिला. लोकांनी वस्तूंवर क्लिक करणं कमी केलं, आणि तो प्रयोग मागे घ्यावा लागला. खुद्द गूगलने शोधाच्या निकालांत सलग स्क्रोल आणला, मोबाइलवर २०२१ मध्ये, संगणकावर २०२२ मध्ये. तोही खरा अनंत नव्हता: मोबाइलवर साधारण चार पानांएवढे निकाल आपोआप यायचे आणि मग बटण. २०२४ मध्ये त्यांनी तोही काढायला घेतला. संगणकावर पानांचे आकडे परत आले.

आमच्या फूटरमध्ये असं काय मोठं आहे? कोण वाचतं तो?

मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या फूटरमध्ये कदाचित काही नसेल. कोकणातल्या छोट्या साइटचा फूटर हा बऱ्याचदा अख्ख्या साइटचा सर्वांत कामाचा भाग असतो. मालवणच्या होमस्टेचं उदाहरण घ्या. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर. उतरायचं कुठे, कुडाळला की सिंधुदुर्ग स्टेशनला की कणकवलीला, आणि तिथून रिक्षा की एसटी. आगाऊ पैसे भरून न आल्यास परत किती. पावसाळ्यात चालू की बंद. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे न कळल्यामुळे जुलैत येऊन हिरमुसणारे पाहुणे दरवर्षी असतातच. त्यातला कोणी मालवणीतला असेल तर थेट विचारतो, ‘‘अरे, नंबर खंय आसा?’’ बाकीचे न विचारता दुसऱ्या साइटवर जातात.

ऑनलाइन विक्री करत असाल तर प्रश्न फक्त सोयीचा उरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहकसेवेचा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर स्पष्ट आणि सहज सापडेल असा द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे. ही माहिती फूटरमध्येच ठेवा असं नियम सांगत नाही. पण तुम्ही ती तिथे ठेवली आणि फूटर हाती लागत नसेल, तर ‘सहज सापडेल’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आंबापोळी, कोकम सरबत, काजू विकणाऱ्यांचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांकही बहुतेक वेळा तिथेच पडलेला असतो.

एक सुचवणी, विषयाला थोडी सोडून. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, आणि ते नाव त्या हक्काने वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तुमची नोंदणी असेल तर ती फूटरमध्ये कशाला पुरता? पेटीच्या फोटोशेजारी, किमतीच्या वर लावा. ग्राहक तिथेच थांबून विचार करत असतो.

मग आमच्या साइटला नेमकं काय लावायचं?

आधी मोजा. आठ खोल्यांचा होमस्टे, पाच प्रकारच्या पेट्या विकणारी देवगडची बाग, वेंगुर्ल्याचा काजूवाला, सावंतवाडीची लाकडी खेळणी ठेवणारं दुकान: यांना स्क्रोल अनंत करायला मुळात माल पुरत नाही. सगळं एका पानावर दाखवा, खाली फूटर, विषय संपला. निम्म्या साइट या उत्तरावरच थांबायला हव्यात. तरीही त्यांच्यावर अनंत स्क्रोल दिसतो, कारण थीममध्ये तो चालू होता आणि कोणी बंद केला नाही.

माल चाळीस-पन्नासच्या वर असेल तर ‘आणखी दाखवा’ हे बटण. माझं मत विचाराल तर हाच दहांपैकी आठ जणांसाठीचा मार्ग आहे. यादीच्या शेवटी बटण, बटणाखाली फूटर, आणि फूटर जागचा हलत नाही जोवर माणूस स्वतः ‘हलव’ म्हणत नाही. बटणावर नुसतं ‘आणखी’ लिहू नका. ‘आणखी १२ खेळणी दाखवा (एकूण ८६)’ असं लिहा, म्हणजे किती उरलंय ते कळतं आणि माणूस ठरवू शकतो.

फोटोंची मोठी गॅलरी असेल, म्हणजे तारकर्लीचे स्कूबावाले किंवा वेळासच्या कासवांचे फोटो टाकणारी मंडळी, तर मिश्र पद्धत लावता येते. पहिल्या दोन-तीन खेपा आपोआप येतात, मग बटण. वाहत जाण्याचा आनंदही मिळतो आणि फूटरही गाठता येतो. यात खेपांची संख्या कमी ठेवायची. दहा खेपांनंतर बटण आलं तर ते कोणाला दिसणारच नाही.

आणि खरंच अनंत फीड हवी असेल तर फूटर तिच्याखालून काढा आणि वर किंवा बाजूला न्या. मोबाइलवर बाजू नसते, त्यामुळे मेन्यूत. मेन्यूच्या तळाशी ‘संपर्क’, ‘कसं याल’, ‘रद्द करण्याचे नियम’ हे तीन दुवे आले की फूटर खाली अर्धवट लटकत ठेवायची गरज राहत नाही. गाठता येत नसलेला फूटर ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा.

स्क्रीनच्या खाली कायमची चिकटलेली पट्टी लावली तर?

होमस्टे आणि आंब्यासाठी उत्तम, पण तिला फूटर समजू नका. तिच्यात दोनच गोष्टी ठेवा: ‘फोन करा’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅप’. अटी, नियम, परवाना क्रमांक हे सगळं तिच्यात कोंबलं की छोट्या फोनची पाव स्क्रीन जाते आणि खोलीचा फोटो फटीतून बघितल्यासारखा दिसतो.

करणाऱ्याला सांगायच्या गोष्टी अशा. नव्या आयफोनला खाली मुख्य पडद्यावर नेणारी आडवी रेघ असते, पट्टी तिच्यावर बसता कामा नये. पानाच्या शेवटी पट्टीच्या उंचीएवढी मोकळी जागा सोडायची, नाहीतर खऱ्या फूटरची शेवटची ओळ पट्टीखाली कायमची गाडली जाते. हे मी इतक्या साइटवर पाहिलंय की आता आधी तेच तपासतो. बटणं मोठी हवीत. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, पण ते खरोखरच किमान आहे. अँड्रॉइड ४८ सुचवतं, तेच धरा. भर उन्हात, घामेजल्या हाताने, स्टेशनबाहेर उभं राहून तुमचा नंबर शोधणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

पाहुणा एका खोलीचा फोटो उघडतो, मागे येतो, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. हे याच्याशी संबंधित आहे का?

अगदी सख्खं. अनंत स्क्रोलमध्ये साठावा फोटो बघणाऱ्याचा वेबपत्ता पहिला फोटो बघणाऱ्याच्या पत्त्यासारखाच असतो. मागे आल्यावर ब्राउझरने त्याला कुठे नेऊन सोडायचं? नवे ब्राउझर पान जसंच्या तसं आठवणीत ठेवायचा प्रयत्न करतात, पण जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर ते भरवशाचं नाही.

उपाय असा की प्रत्येक खेपेला पत्ता बदलायचा. दुसरी खेप आली की पत्त्याच्या शेवटी ‘पान=२’, तिसरी आली की ‘पान=३’. ब्राउझरच्या हिस्टरी एपीआयमध्ये (भेट दिलेल्या पत्त्यांची यादी स्क्रिप्टने हाताळायची सोय) त्याची तजवीज आहे. त्या यादीतली चालू नोंद बदलायची, नवी घालायची नाही. नाहीतर मागे जायला दहा वेळा बटण दाबावं लागतं. या पत्त्यांचा दुसरा फायदा व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतो. ‘‘ती निळ्या दाराची खोली बघ’’ म्हणून बहिणीला दुवा पाठवला की ती थेट तिथेच पोहोचते.

गूगलला आमच्या सगळ्या वस्तू सापडतील ना?

फक्त स्क्रोलवर विसंबलात तर नाही. गूगलचा बॉट (साइट वाचत फिरणारा प्रोग्राम) माणसासारखा स्क्रोल करत नाही आणि ‘आणखी दाखवा’ दाबतही नाही. त्याला खरे दुवे लागतात. म्हणून वर सांगितलेली पानं नुसती पत्त्यात दिसून चालत नाहीत; ‘पान=३’ हा पत्ता कोणी थेट उघडला तर तिसरं पान खरोखर उघडलं पाहिजे, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाणारा साधा दुवा कोडमध्ये असला पाहिजे. वरून बटण दिसलं तरी आतून तो दुवा असावा. गूगल २०१४ पासून हेच सांगत आलं आहे. जुने एसईओवाले, म्हणजे साइट शोधात वर आणून देणारे, ‘पुढचं-मागचं’ सांगणाऱ्या खास टॅगचा आग्रह धरतील. आपण ते टॅग वापरत नसल्याचं गूगलने २०१९ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

दृष्टिहीन किंवा फक्त कीबोर्ड वापरणारे ग्राहक आमच्याकडे येत नाहीत. त्यांचा विचार करायचा का?

येत नाहीत की येऊ शकत नाहीत? कीबोर्डवाला टॅब दाबत एकेका दुव्यावरून पुढे जातो. शेवटच्या दुव्यावर आला की नवा माल येतो, पुन्हा बारा टॅब, पुन्हा नवा माल. डोळसाला निदान फूटर पळताना दिसतो, याला तो आहे हेही कळत नाही.

‘आणखी दाखवा’ बटण लावलं की यातला बहुतेक प्रश्न सुटतो. राहिली एक बारीक गोष्ट: दाबल्यावर कीबोर्डचा रोख नव्याने आलेल्या पहिल्या वस्तूवर न्यायचा आणि ‘आणखी १२ वस्तू आल्या’ हे स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) बोलायला लावायचं. अनंत फीडच ठेवायची असेल तर एरिया (ARIA) या सुलभतेच्या मानकात ‘फीड’ नावाची भूमिका आहे. तिच्या शिफारशीत पेज डाउनने पुढच्या नोंदीवर आणि कंट्रोल-एंडने फीड ओलांडून थेट पलीकडे, म्हणजे फूटरकडे, जाता येतं. हे आपोआप मिळत नाही, करणाऱ्याने लिहावं लागतं. तेवढं जमत नसेल तर यादीच्या सुरुवातीला ‘यादी वगळून संपर्काकडे जा’ असा एक दुवा ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात रेंज जाते-येते. तेव्हा काय होतं?

बहुतेक साइटवर ‘थांबा’ सांगणारा गोल फिरत राहतो. माल येत नाही, चूक सांगितली जात नाही, आणि काही थीममध्ये तो गोल फिरेपर्यंत फूटर लपवून ठेवतात. म्हणजे ज्या क्षणी माणसाला फोन नंबर सर्वांत जास्त हवा, नेमका तेव्हाच तो नाही.

ठरावीक वेळ, समजा आठ-दहा सेकंद, वाट पाहून गोल थांबवा. ‘रेंज नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं बटण दाखवा आणि फूटर खाली उघडा राहू द्या. आपोआप पुन:पुन्हा मागवत बसू नका, पाहुण्याचा डेटा आणि बॅटरी दोन्ही खाल्लं जातं. नंबर चित्रात लिहू नका, मजकुरात लिहा. आलेल्या पानावरचा मजकूर रेंज गेली तरी वाचता येतो, दाबून फोनही लावता येतो. न उतरलेलं चित्र म्हणजे राखाडी चौकोन.

यादी संपली की काय दाखवायचं?

‘संपली’ हेच. आंबेवाल्यांनी तर तारखेसकट लिहावं: ‘यंदाच्या पेट्या संपल्या, पुढची नोंदणी फेब्रुवारीत.’ आणि लगेच खाली फूटर.

आमची साइट वर्डप्रेसवर आहे. करणारा म्हणतो, थीमच तशी आहे, काही होणार नाही.

होतं. जेटपॅक हे वर्डप्रेसचं जोडसाधन वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये लेखनाच्या भागात थीमच्या सुधारणा असतात. तिथे तीन पर्याय दिसतात: थीमचं मूळ वागणं, बटण दाबल्यावर माल, किंवा स्क्रोल करताच माल. मधला निवडा. जेटपॅक बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाची सोयही ठेवली आहे: फूटरमध्ये विजेट (संपर्क, दुवे असे छोटे ठोकळे) आहेत असं थीमने कळवलं, तर ते स्वतःहून स्क्रोल सोडून बटणावर येतं. ‘थीमच तशी’ असेल तर ती हे कळवत नाहीये, आणि ते कळवणं एका ओळीचं काम आहे.

स्थानिक बातम्यांच्या पोर्टलला तरी अनंत स्क्रोल चालेल ना?

मुखपृष्ठावर, मिश्र पद्धतीने, चालेल. बातमीच्या पानावर एका बातमीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी चिकटवत जाणं मला पटत नाही. चिपळूणच्या पुराची बातमी वाचणाऱ्याला खाली हेल्पलाइनचा नंबर हवा असतो आणि त्याच्यापुढे येतो नाट्यस्पर्धेचा निकाल. जाहिरातीसाठी करायचंच असेल तर दोन बातम्यांवर थांबा.

झालेलं काम बरोबर झालं की नाही, आम्हाला कसं कळणार?

स्वतःचा वायफाय बंद करा, मोबाइल डेटा ४जीवर आणा आणि साइट उघडा. तळाशी जाऊन रद्द करण्याचे नियम उघडून दाखवा. मग घरातल्या अशा कोणाला तरी फोन द्या ज्याने ती साइट पाहिलेली नाही, आणि फक्त ‘‘यांचा पत्ता शोध’’ म्हणा. मध्ये बोलू नका. संगणकावर एंड कळ दाबून फूटर येतो आणि तिथेच थांबतो का पाहा. शेवटी एक वस्तू उघडून मागे या.

या सगळ्याला खर्च किती?

सेटिंग बदलून भागत असेल तर काहीच नाही. बटण आणि पानांचे पत्ते नव्याने करायचे असतील तर करणाऱ्याचे दोन-तीन दिवस धरा. फक्त आंबेवाल्यांनी हे जानेवारीच्या आत उरकावं. एप्रिलमध्ये ऑर्डरी चालू असताना साइटला हात लावायचा नाही, कोणी कितीही ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हटलं तरी.